खोलीच्या मधोमध कपाट

आमचे हे कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींकडे बघतात, मग माणसांकडे. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा सगळा वेळ माझ्या मागच्या भिंतीकडे बघत बसले होते. मला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "त्या कोपऱ्यात ओल आहे, वरून कुठूनतरी पाणी मुरतंय." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. तरी वडिलांनी होकार दिला, कारण ओल खरंच निघाली.

तर हे रंगारी. म्हणजे होते. आमच्या गावातल्या अर्ध्या घरांवरून ह्यांचा हात फिरलेला आहे, फक्त आमच्याच घराला कित्येक वर्षांत रंग लागलेला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या भिंतींची धूळ छातीत बसली आहे. खरवडणं बंद, शिडी बंद. तेव्हापासून हे रंगाच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभे राहून डबे विकतात. जिना चढताना मध्येच दम लागतो. पण थांबलो असं दिसू नये म्हणून भिंतीला तळहात लावतात आणि काहीतरी तपासल्यासारखं करतात. मागून येणाऱ्याला वाटतं, केवढा बारकाईने बघणारा माणूस आहे. मला ते नाटक पाठ झालं आहे.

ह्यांचे थोरले भाऊ, दादा, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेले आणि तिथलेच झाले. ह्यांची आई लहानपणीच गेली, वडील फिरतीवर. दादांनीच ह्यांना भात शिजवून घातला, केस विंचरले, ताप आला की शाळा बुडवून उशाशी बसले. हे मी कधी नाकारलं नाही. पण त्या भाताची आठवण आयुष्यभर काढली की घास घशात अडकतो. दादा म्हणाले ये, की हे निघाले. दादा म्हणाले बस, की बसले. ह्यांच्या तोंडून दादांना 'नाही' म्हटलेलं मी अख्ख्या संसारात ऐकलं नव्हतं, आणि मला ते एकदा तरी ऐकायचं होतं. दुसऱ्या कुठल्याही सुखाची मी इतकी वाट पाहिली नसेल.

या सुट्टीत दादांचा फोन आला. "या चार दिवस. तळं बघू, निवांत बसू." जाऊबाई गेली कित्येक वर्षं त्या तळ्याचे फोटो पाठवून माझा जीव जाळत होत्या. मी हो म्हटलं. चार दिवस आयतं जेवायचं, तळ्याकाठी बसायचं आणि ह्यांना दमू द्यायचं नाही, एवढाच माझा बेत होता. गाडीत दादांचं प्रेम एवढं एकाएकी कसं उतू गेलं, असं मी विचारलंसुद्धा. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन मजल्यांवर ह्यांनी दोनदा भिंत तपासली. दार उघडताच जाऊबाई म्हणाल्या, "तुमची झोपायची सोय आतल्या खोलीत केली आहे, जरा अडचण होईल." मी बॅग घेऊन आत गेले आणि दारातच थबकले. कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेलं. पलंग त्याला चिकटून. दोन्हींवर जुन्या चादरी. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि कोपऱ्यात शिडी. रंगाऱ्याच्या बायकोला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

जाऊबाई मागून हसत म्हणाल्या, "म्हटलं, तुम्ही येतच आहात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामापुरता मामा ऐकलं होतं, इथे कामापुरता धाकटा दीर होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पलंगाला वळसा घालून भिंतीशी गेले, तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हळूच हात खाली आणला. रंगाचे पोपडे पानगळ व्हावी तसे वर्तमानपत्रावर पडले. चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं. पण राग आला की मला समोरचं दिसतं, शेजारचं दिसत नाही.

जेवताना दादा म्हणाले, "इथले रंगारी म्हणजे नुसतं पोतेरं फिरवल्यासारखं करतात. घरचा माणूस तो घरचा."

"घरच्या माणसाला छातीपण असते," मी म्हणाले.

दादांनी चमच्याने वाढता वाढता हात थांबवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ताटात मान घातली. "प्रवासाने दमलीये ती," म्हणाले. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात खडा टाकला. रात्रभर आम्ही त्या कपाटाच्या आडोशाला झोपलो आणि मी ह्यांना एकच गोष्ट बजावली: हात लावलात तर मी पहिल्या गाडीने परत जाईन. हे "बरं" म्हणाले. आमच्या घरात 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' असा होतो, 'मान्य' असा नाही.

सकाळी दादा-जाऊबाई मला बाजार दाखवायला घेऊन गेले. तिथली भाषा मला येत नाही, त्यामुळे भाजीवाल्याशी भांडण्याचंही सुख मिळालं नाही. जाऊबाई टोमॅटो दाबून बघत होत्या आणि मला सांगत होत्या की आमच्या गावाकडे भाज्या कशा शिळ्या मिळतात. मी मूग गिळून ऐकलं, पिशवी दादांनी धरली होती. परत आलो तर आतल्या खोलीच्या दारातून पांढरी धूळ बाहेर येत होती.

हे शिडीवर होते. तोंडाला रुमाल, हातात खरवडायचा पत्रा, आणि भिंत निम्मी खरवडून झालेली. खोकत होते, पण हात थांबत नव्हता. मी पँट धरून त्यांना खाली ओढलं. उतरल्यावर शिडीला धरून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी, श्वास शिट्टीसारखा.

मग मी सुटले. इतक्या वर्षांचं साठलेलं त्या खोलीत ओतलं. "दादा, माणूस आहे का गाढव आहे तुमचा भाऊ? वर्षभर छातीचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केलीये, ह्यांनी तुम्हाला सगळं कळवलंय, तरी खोली मोकळी करून ठेवलीत. तळ्याचे फोटो दाखवता आणि आणून शिडीवर चढवता."

दादांच्या हातातली पिशवी तशीच होती. "कसलं औषध?" ते म्हणाले.

"वा. आता कसलं औषध."

"नाही गं, खरंच विचारतोय. कसलं औषध?" आणि मग ह्यांच्याकडे वळून, "काय झालंय तुला?"

जाऊबाई मधेच बोलल्या, आणि त्यांचा आवाज बर्फासारखा होता. "आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही. तुमचे दादा तर म्हणत होते, इथलाच माणूस लावू. भाऊजींनीच फोनवर सांगितलं, परका हात लावलात तर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. सामान मधे ओढून ठेवा हेही त्यांनीच सांगितलं. शिडी कुठे ठेवायची तेसुद्धा."

माझं लक्ष खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. तिथे ह्यांचा जुना रुंद ब्रश होता, माझ्याच फाटक्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. तो आमच्याच बॅगेतून आला होता. बॅग मी भरली होती, पण बंद केली ह्यांनी. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय. मी इतका वेळ चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

पण मी माघार घेणाऱ्यातली नाही. जाऊबाईंना म्हणाले, "ताई, ते म्हणाले आणि तुम्ही लगेच कपाट ओढलंत. कसे आहात, एवढं विचारायला काय झालं होतं?"

दादा झाकलेल्या पलंगाच्या कडेवर बसले आणि पिशवीतले टोमॅटो एकेक करत चादरीवर घरंगळले. कुणी उचलले नाहीत.

मी ह्यांना गॅलरीत नेलं. "खोटं का बोललात? मला म्हणालात, दादांना सगळं कळवलंय. त्यांना एक शब्द नाही."

"खरं सांगितलं असतं तर दादाने येऊ दिलं असतं?" हे म्हणाले. "आणि तू?"

"म्हणजे हौस होती तुम्हाला."

ह्यांनी नखांतली धूळ काढायला सुरुवात केली. "दुकानात मी लोकांपुढे रंगाचं कार्ड धरतो. परवा एकजण म्हणाला, काका, रंगाऱ्याला विचारून सांगा. मला म्हणाला. सगळ्या गावाला रंग दिला मी. दादाच्या घरात माझी एक भिंत नाही."

"आणि शिडीवरच काही झालं असतं तर?"

"म्हणून तर आत्ताच आलो, चढता येतंय तोवर," हे म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी दादा-जाऊबाईंपेक्षा मला ह्यांचाच जास्त राग आला होता. पण नाही म्हटलं तर हा माणूस चोरून करणार, हे मी ओळखून होते. मी आत जाऊन हुकूम सोडला. खरवडणं दादा आणि जाऊबाई करतील. हे गॅलरीत बसतील, दार बंद. धूळ बसली, फरशी पुसली, की फक्त खिडकीसमोरची एक भिंत. बाकीच्या तुमच्या तुम्ही.

जाऊबाईंनी डोक्याला टॉवेल बांधला आणि पत्रा असा धरला, जणू भिंतीवर मीच चिकटले आहे. दादा खरवडत राहिले. मधेमधे काचेतून बाहेर बघत होते. बाहेरून हे खुणा करत होते, खालून वर नको, वरून खाली. दुपारचा चहा प्रत्येकाने आपापला गाळून घेतला.

भेगा बुजवणारी पुट्टी सुकली, रंगाखालचा प्रायमर झाला, आणि दुसऱ्या दिवशी हे शिडीवर चढले. मी शिडी धरून खाली उभी राहिले. पहिल्या फटकाऱ्याला मी जुना माणूस पाहिला: खांदा सैल, मनगट हलकं, ब्रश छताच्या कडेने रेघ न चुकता जाणारा. दादा दारात येऊन उभे राहिले आणि लहान मुलाचं कौतुक बघावं तसे बघत होते. मला तेही आवडलं नाही.

दादा चहा आणायला गेले तेव्हा ह्यांचा हात थांबला. भिंत निम्मीच झाली होती. ब्रश खाली लोंबला आणि ह्यांनी कपाळ शिडीच्या पायरीला टेकवलं. माझ्या हातात शिडी होती, ती थरथरत होती. मी "उतरा" म्हटलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने ह्यांनी डोकं उचललं आणि उरलेली भिंत पुरी केली, थांबत थांबत.

"दुसरा हात उद्या," खाली उतरून म्हणाले.

रंगाचा एकच हात देऊन ह्यांनी आजवर कुणाची भिंत सोडलेली नाही. पैसे बुडवणाऱ्याचीसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी हे उठले, आंघोळ केली आणि गॅलरीत पेपर वाचत बसले. ब्रश कट्ट्यावर वाळत होता. भिंत उन्हात पातळ दिसत होती, ठिकठिकाणी खालचा प्रायमर डोकावत होता. दादांना दिसलं, मला दिसलं. कुणी विचारलं नाही. तळ्याचं तर कुणी नावही काढलं नाही.

निघायच्या दिवशी दादांनी बॅग खाली रिक्षात नेऊन ठेवली. दारात जाऊबाई, हे आणि मी. एवढं सगळं होऊनही जाऊबाईंची जीभ राहिली नाही. "असू दे भाऊजी. दुसरा हात पुढच्या सुट्टीत द्या. तेव्हा स्वयंपाकघराचंही बघू."

मी तोंड उघडलं होतं. जे बोलणार होते ते बोलले असते तर पुन्हा त्या घराचं दार आम्हाला उघडलं नसतं. पण माझ्याआधी हे बोलले.

"नाही जमणार, वहिनी. दादाला सांगा, इथला माणूस लावायला."

सबंध संसारात ज्याची वाट पाहिली ते मी ऐकलं. जाऊबाईंचा चेहरा पडला, आणि मला त्याचं काहीच सुख झालं नाही. माझं सगळं भांडण एका वाक्यात संपलं होतं आणि जिंकलं कुणीच नव्हतं.

"अहो, ब्रश आतच राहिला," मी म्हणाले.

"राहू दे."

आम्ही जिना उतरू लागलो. उतरतानासुद्धा दुसऱ्या मजल्यावर ह्यांना दम लागला. मी सवयीने भिंतीच्या बाजूने सरकले, ह्यांना हात लावायला जागा मिळावी म्हणून. हे तिकडे आले नाहीत. पायरीवर सरळ खाली बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "थांब जरा. दम लागलाय."

मी शेजारी उभी राहिले. जिन्याच्या भिंतीला वरपर्यंत ओल आली होती. ह्यांनी तिकडे पाहिलं नाही.