सगळ्या बाह्या डाव्या

माझे धाकटे दीर कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कापड कापत होते. शिवणारे वेगळे. लांबलचक टेबलावर एकावर एक साठ-सत्तर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने नमुना आखायचा आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापायचे, हे त्यांचं काम. शिवणाऱ्याची चूक उसवता येते, कापणाऱ्याची नाही. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, घरात मी भाऊजी म्हणते. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही असं सासूबाई होत्या तेव्हापासून ठरलेलं आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांची इच्छा एवढीच, की शेवटच्या दिवशी त्याच टेबलावरून उठावं.

मशीन सुरू करण्याआधी त्यांची एक रीत होती. टेबलाभोवती एक पूर्ण फेरी. तळहात कापडावर सपाट ठेवून चालायचं, चारही कोपरे उचलून पाहायचे. कापड अंथरणाऱ्या बाई पलीकडून विचारायच्या, "मास्तर, किती?" भाऊजी मोजून सांगायचे, "बासष्ट." बाई म्हणायच्या, "बासष्ट." मग मशीन. सगळं मिळून तीन मिनिटं. मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, त्या तीन मिनिटांत माझा जीव जागेवर येतो."

नवा मॅनेजर आला तो हातात घड्याळ घेऊनच. तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, ही प्रदक्षिणा कशाला? टेबल पावणार आहे का तुम्हाला?" लोक हसले. भाऊजीही हसले. दिवसातून दहा टेबलं, म्हणजे अर्धा तास पाण्यात, असं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून फेरी बंद. थर अंथरणाऱ्या बाईंनीच मोजायचे आणि चिठ्ठी लावायची.

घरात आधी कुणाला काही कळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, जेवायला बसताना भाऊजी टेबलावरचं कापड तळहाताने सारखं करतात. एकदा केलं, दोनदा केलं, वाढून झालं तरी हात फिरतोच आहे. माझी धाकटी लेक म्हणाली, "काका, इस्त्री झाली का? जेवायचं का आता?" सुट्टीच्या दिवशी दुपारी पडले की बाहेरच्या खोलीत दात खाल्ल्याचा आवाज ऐकू यायचा. जात्यात खडा अडकावा तसा. पायऱ्या उतरून पुन्हा वर यायचे, कुलूप ओढून बघायचे, आत मी असताना.

आमचे हे म्हणाले, "पन्नाशी उलटली की सगळ्यांनाच होतं. मला नाही झालं?"

"तुम्हाला काय झालं होतं? तुम्ही तर ऑफिसात खुर्चीतच झोपायचात," मी म्हटलं. तो विषय हसण्यावारी गेला.

मग दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत दिवा धरून पाहिलं आणि विचारलं, "काका, काय चावता हो तुम्ही? लोखंड?"

"कापड," भाऊजी म्हणाले.

दोन दाढांना उभी चीर गेली होती. बाईंनी कागदावर औषध लिहिलं आणि म्हणाल्या, "हे दुखणं कमी होईल. पण दिवसभर मनात दाबून धरता ते कुणाशी तरी बोला, नाहीतर उरलेल्याही जातील."

ते बोलले. माझ्याशीच बोलले. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते, तर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "वहिनी, हल्ली मशीन चालू केलं की वाटतं, खाली काहीतरी उलटं आहे. छातीत धडधडतं. थांबावं म्हटलं तर तो मॅनेजर केबिनच्या काचेतून बघत असतो."

माझं एक लक्ष गॅसवर होतं. मी म्हटलं, "भाऊजी, देवावर सोडा. एकतीस वर्षं त्याने सांभाळलं, आणखी दोन सांभाळेल. त्याचं नाव घ्या आणि सुरू करा."

ते "बरं" म्हणाले. मूठभर शेंगा घेऊन माझ्यासोबत सोलल्या आणि उठून गेले. माझ्या रोजच्या वहीत त्या तारखेखाली दोन ओळी आहेत: भाऊजींची कामाबद्दल कुरकुर. समजूत घातली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कोटाच्या अस्तराचं काम आलं. त्या कापडाची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. असं कापड एक थर सुलटा, एक उलटा असं अंथरतात, म्हणजे एकाच नमुन्यातून निम्म्या बाह्या उजव्या निघतात आणि निम्म्या डाव्या. नेहमीच्या बाई रजेवर होत्या. बदलीवर आलेलीने सगळे थर सुलटेच अंथरले. चिठ्ठीवरचा आकडा मात्र बरोबर होता, सत्तर. एक कोपरा उचलला असता तर दुसऱ्याच थराला कळलं असतं.

थराला चार, अशा दोनशेऐंशी बाह्या निघाल्या, सगळ्या डाव्या. त्या रंगाचं कापड परत मिळेना.

भाऊजी त्या दिवशी दुपारीच घरी आले. त्यातली एक बाही घडी करून आणली होती, ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, मी देवावर सोडलं होतं." टोमणा नव्हता. त्यांनी खरंच तसं केलं होतं. धडधडायला लागलं तेव्हा नाव घेतलं आणि सुरू केलं. मी आजही रोज प्रार्थना करते आणि तो ऐकतो यावर माझा विश्वास आहे. पण त्या दिवशी ते देवाला सांगायला आले नव्हते, मला सांगायला आले होते. माझ्या वाट्याचं ऐकणं मी त्याच्या गळ्यात घातलं.

हे चिडले. "मॅनेजरला सांग ना, तुम्हीच फेरी बंद केलीत म्हणून."

"सांगितलं," भाऊजी म्हणाले. "तो म्हणाला, फेरी मारायची असं कागदावर आहे का कुठे?"

नव्हतं. एकतीस वर्षांत कुणी लिहिलंच नव्हतं.

नोकरीवरून काढलं नाही. धागे तोडायच्या टेबलावर बसवलं. तिथे पोरी बसतात, शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे छोट्या कात्रीने तोडतात. पोरी चांगल्या आहेत, त्यांना खिडकीजवळची जागा देतात. एकीने आल्याआल्या विचारलं, "मास्तर, तुम्ही इथे कशाला?" ते म्हणाले, "डोळे तपासायला."

दोन महिन्यांनी एकदा जेवताना भाऊजींनी सांगितलं, की कापायच्या टेबलामागे भिंतीवर पाटी लागली आहे. कापण्यापूर्वी टेबलाभोवती फिरून चारही कोपरे उचलून पाहणे सक्तीचे. खाली मॅनेजरची सही.

"म्हणजे तुम्ही जिंकलात की, काका," धाकटी म्हणाली.

"हो," ते म्हणाले आणि डाव्या बाजूने सावकाश चावत राहिले. उजवीकडची दाढ आदल्या आठवड्यात काढावी लागली होती.

ती बाही मी धुऊन कपाटात ठेवली आहे. टाकवत नाही, वापरवत नाही. भाऊजी आता कामावरून लवकर येतात. आले की मी गॅस बंद करते आणि समोर स्टूल ठेवते. कधी शेंगा असतात, कधी निवडायचे तांदूळ, कधी काहीच नसतं. आजच्या तारखेला वहीत लिहिलं आहे: भाऊजी अर्धा तास बसले. बोलले नाहीत.