ढोकरीची मान

"परब, नुसतं इंकिंग कर. डोकं नको चालवू," शेठ म्हणाले आणि काशीनाथची पेन्सिल-चित्रं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

साल बाहत्तर-त्र्याहत्तर असेल. जुन्या भाईंदरात एका छापखान्यात मी आर्टिस्ट होतो. मुलांची प्राण्या-पक्ष्यांची पुस्तकं आम्ही काढायचो. पेन्सिलचं चित्र तसंच छापता येत नसे. त्यावर काळ्या शाईने स्वच्छ रेघ ओढायची, ते इंकिंग. मग त्याचा जस्ताचा ब्लॉक बनतो. ब्लॉक झाला की चूक खोडता येत नाही.

काशीनाथ जवळच्याच चौक गावचा कोळी. आमच्याच बाइंडिंगमध्ये पानं शिवायचा. रद्दीवर काढलेली त्याची पाखरं शेठनी पाहिली आणि नवं पुस्तक सरळ त्याला देऊन टाकलं. कव्हरवर नावही त्याचंच जाणार होतं. मी रत्नागिरीहून येऊन आर्ट स्कूल केलेला माणूस, आठ वर्षं या छापखान्यात घासत होतो. माझं नाव एकदाही कव्हरवर आलं नव्हतं. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. जेवणाच्या सुट्टीत त्याने सुके बोंबील पुढे केले, तर मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

गोष्ट साधी होती. ढोकरी, म्हणजे मिठागरात दिसतो तो छोटा मातकट बगळा, दिवसभर धीर धरून मासा मिळवते आणि आजारी शेजारणीला अर्धा देते. बगळे मासा वाटून खात नाहीत हे मलाही ठाऊक होतं. मुलांच्या पुस्तकात खातात.

काशीनाथने ढोकरी मान आखडून, गोळा होऊन बसलेली काढली होती. मला ती पोतेऱ्यासारखी दिसली. म्हटलं, याला बगळासुद्धा येत नाही. मी मान लांब, ताठ, डौलदार केली. सुधारणा म्हणून केली असं मी स्वतःला सांगितलं.

ब्लॉक बनून आला. प्रूफ बघून काशीनाथ जागीच थांबला.

"मान कोनी काढली ही?"

"मी. तुझी चुकली होती."

"न्हाय रं परब. मान काढली का ती उडनार. मासा धरायचा हाय तिला."

शेठ वैतागले. "अरे, भांडता काय? मिठागर मागेच आहे. चला, बघून येऊ."

आम्ही तिघे बांधावर गेलो. पाण्याच्या कडेला एक ढोकरी होती, आखडून बसलेली. मी हट्टाने पुढे सरकलो. दहा पावलं गेलो असेन, तिने मान वर काढली. लांब, ताठ, हुबेहूब माझ्या चित्रासारखी.

"बघा!" मी ओरडलो.

ढोकरी उडून गेली.

काशीनाथची होती तशी आखडलेली मान मी पुन्हा काढून दिली आणि नवा ब्लॉक करायला शेठनी त्याच दिवशी माणूस पाठवला. माझी नोकरी जाणार असं मी धरून चाललो होतो. कव्हरची अक्षरं जुळवायची वेळ आली तेव्हा काशीनाथ म्हणाला, "शेठ, दोगांचा नाव टाका. शाई त्याची हाय."

माझ्या अंगाची आग आग झाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

इंकिंग करणाऱ्याने आधी पक्षी बघून यावा, एवढं मी त्यातून शिकलो. बाकी फारसं शिकलो नाही. त्या पुस्तकातल्या ढोकरीच्या मानेचं आजही कुणी कौतुक केलं, तर मी थँक यू म्हणतो.