मोठ्या सिस्टरांचा संशय

आमच्या मोठ्या सिस्टरांनी उभ्या नोकरीत एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला असेल, असं मला वाटत नाही. अमरावतीच्या एका इस्पितळात मी नवा डॉक्टर म्हणून कॅज्युअल्टीत लागलो, तेव्हा त्या दाराशीच टेबल टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे तो चोरीचा माल लपवून आणल्यासारखं बघत. ‘ॲसिडिटी आहे’ म्हणणाऱ्यावर तर विशेष राग. शेंदूरजनाघाटचे एक संत्रा व्यापारी नुसती गोळी मागायला आले, तर त्यांचा सदरा उतरवून, ईसीजीच्या तारा चिकटवूनच सिस्टरांनी विचारलं, “आता सांगा, भजे किती खाल्ले?” ईसीजीची पट्टी चांगली निघाली की त्या मशीनवर संशय घेत आणि थोड्या वेळानं दुसरी काढत. तीही चांगली निघाली, की माझ्याकडे बघत. याला वाचता येतं की नाही?

एका दुपारी धामणगाव रेल्वेहून एक गृहस्थ छाती धरून कण्हत आले. सोबत बायको. मी धावलो, त्यांना खाटेवर घेतलं, ईसीजी लावला. सिस्टर मात्र भिंतीला टेकून पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या त्या बाईंकडेच बघत होत्या.

“जबडा कावून धरून राहिल्या तुमी?”

“दाढ दुखते जी, सकायपासून.”

“आन् हा घाम?”

“पायऱ्या चढून आली न. तुमी आधी त्याईले पाहा.”

“त्याईले डॉक्टर पाहून राहिले. तुमी झोपा इथं.”

“सिस्टर, पेशंट इकडे आहे,” मी चिडून म्हणालो. थोड्या वेळानं त्यांनी बाईंची पट्टी माझ्या हातात दिली. झटका बाईंना आला होता, आणि चांगला मोठा. नवऱ्याची पट्टी स्वच्छ होती. मग जी धावपळ झाली तिच्यात बाईंची अडकलेली रक्तवाहिनी वेळेत मोकळी झाली. स्ट्रेचरवरून जाताना त्या सांगत होत्या, “त्याईले उपाशी ठेवू नका जी.” गृहस्थ स्वतःचं दुखणं विसरून, तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. सिस्टरांनी त्यांना पुन्हा खाटेवर झोपवलं. “याईची दुसरी पट्टी काढा डॉक्टर. माहा कोनावर भरोसा नाई.”

मागच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि अकोल्याला लेकीकडे राहायला निघाल्या. गाडीत बसता बसता म्हणाल्या, “बरं हाय न, डॉक्टर?”

“हो, एकदम बरा आहे,” मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

“बरं,” म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. काच खाली होईल, त्या आणखी एकदा विचारतील, म्हणून मी तिथंच थांबलो. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली.