वरच्या खोलीला माणूस हवं

सू-जू,

एका गल्लीत राहणाऱ्या बायका एकमेकींना पत्रं लिहीत नाहीत. दारातून हाक मारली की काम होतं. आता हाक मारून तू येणार नाहीस, म्हणून लिहिते.

गल्लीत अजून तुझ्याबद्दल बोलतात. म्हणतात, श्येबाई विक्षिप्त होती, खोली भाड्यानं द्यायला दरबार भरवायची. बोलेनात का! डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं सांगितलं त्या दिवशी तू घरी येऊन आधी भात लावलास, मग माझ्याकडे आलीस आणि उंबऱ्यावरूनच म्हणालीस, "मास्तरणी, मी काही फार दिवस नाही. तिएनचं काय करू?"

तुझा तिएन. धाकटा भाऊ, वयानं छप्पन्नचा, समजेनं सहा-सात वर्षांचा. आई गेल्यापासून तूच त्याची आई. त्याच्यापायी लग्न केलं नाहीस, पण त्याबद्दल तुझ्या तोंडून चकार शब्द ऐकला नाही. तक्रार असायची ती त्याच्या मोज्यांच्या वासाची.

तैपेईहून तुझ्या पुतण्यानं, ज्युन-हाओनं, फोनवर सरळ सांगितलं, "आत्या, वरच्या खोलीत टिकणारं माणूस मिळालं, काकांबरोबर रात्रीचं जेवणारं, तर तुझ्यामागे मी घराला हात लावणार नाही. नाही मिळालं तर काकांना डोंगरातल्या आश्रमात ठेवावं लागेल. मी नोकरी सोडून ताइनानला येऊ शकत नाही." मुलगा वाईट नाही. हिशेबी आहे, एवढंच.

जाहिरात मी टाकली. भाडं तू निम्मं सांगितलंस. चिपचे कारखाने आल्यापासून आपल्याकडे माणसं कोंबड्यांच्या खुराड्यालाही हो म्हणतात. संध्याकाळपर्यंत माझा फोन हातात धरवेना इतका तापला. मी म्हटलं, पगाराचे कागद मागव, निम्मे गळतील. तू म्हणालीस, "कागद काय जेवायला बसणार आहेत तिएनबरोबर? सगळ्यांना संध्याकाळी बोलाव. कचऱ्याच्या गाडीच्या आधी."

तेव्हा मला तुझा डाव कळला. गाडीचं गाणं वळणावर ऐकू आलं की तिएन अख्ख्या गल्लीच्या पिशव्या घेऊन निघतो. खरकट्याची बादली एका हातात, दुसऱ्या हातात जमतील तेवढ्या पिशव्या, आणि उरलेल्या पिशव्यांकडे रडवेला चेहरा करून बघत उभा. गेली कित्येक वर्षं हेच त्याचं ऑफिस.

मग भरला दरबार. स्कूटरी पार देवळापर्यंत. तू वेताच्या खुर्चीत, मी शेजारी, समोर प्लास्टिकच्या स्टुलांवर उमेदवार. एकानं आधी इंटरनेटचा वेग विचारला. एका मुलाची सगळी उत्तरं त्याची आईच देत होती, तू त्याला म्हणालीस, "बाळा, खोली तुला हवी की आईला?" एका बाईनं नळ सोडून पाहिला, संडास पाहिला आणि तिएनकडे पाहून हळूच विचारलं, "हे... इथंच असतात का?"

"हो. मीच इथं तात्पुरती आहे," तू म्हणालीस. तिला वाटलं तू विनोद केलास.

गाण्याचा आवाज आला की तू बोलणं थांबवायचीस आणि नुसती बघायचीस. तिएन पिशव्या उचलायचा. बहुतेक जण पाय आत घ्यायचे. कुणी मोबाइल वर करून फोटो काढायचं. एकजण म्हणाला, "आजी, लवकर आवरा, मला कामावर जायचंय."

"जा की. गाडीही निघालीच आहे, बसून जा."

आठवडाभर हाच तमाशा. तू रोज पिवळी पडत होतीस आणि आवाज मात्र चढवत होतीस.

मग एके दिवशी ल्याओ आले. साखर कारखान्यातून निवृत्त, बायको वारलेली, स्वतःच्या पुतण्याच्या गोदामाच्या माळ्यावर राहणारे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. गाणं सुरू झालं तसे ते उठले. त्यांनी पिशव्या हिसकावल्या नाहीत. तिएनला विचारलं, "यातलं डुकरांचं कुठलं आणि खताचं कुठलं? मला कधी कळलंच नाही बुवा." तिएननं त्यांना असं काही झापलं! "केळ्याची सालं खतात! शिजलेलं डुकरांना! एवढंही येत नाही?" दोघं भांडत गेले आणि भांडत परत आले. तिएन त्या रात्री जेवताना हसत होता म्हणे.

मी म्हटलं, "सू-जू, उठ आणि किल्ली दे."

पण तू ज्युन-हाओला फोन लावलास. तो किंचाळला, मला बाहेर ऐकू आलं. "आत्या! एकाहत्तर वर्षांचा म्हातारा! उद्या वर मेला तर? भाडेकरू मेलेलं घर! पुन्हा तिथं कोण राहायला येईल? मग काकांना कुणाच्या भरवशावर ठेवू?"

तू फोन ठेवलास. "बरोबर आहे त्याचं," म्हणालीस.

"कसलं डोंबल बरोबर! आपण दोघी त्र्याहत्तरच्या, आपल्याला कुणी घराबाहेर काढलंय का?"

"आपण मालकिणी आहोत, मास्तरणी. भाडेकरू मेला की घर बाटतं. तू शिकलेली, तुला पटत नसेल. येणाऱ्याला पटतं ना! आणि तिएनला अजून वीस वर्षं काढायचीत."

ल्याओंना तू स्वतः सांगितलंस. माझ्यावर ढकललं नाहीस. ते म्हणाले, "कळतं मला. नकार मिळालेली ही माझी बारावी खोली." आणि वाकून नमस्कार करून गेले. तिएन गेटपाशी ओरडत राहिला, "उद्या गाडी आहे!"

खोली तू इस्पितळातल्या नर्सला दिलीस, यी-चेनला. खोली बघायला आली त्याच दिवशी तिनं दोन पिशव्या उचलल्या होत्या, हसत. चांगलीच होती पोर. तिएनची नखं कापायची, तुझ्या पायांना तेल लावायची. तुझा चेहरा निवळला होता, मी पाहिला. शरद पौर्णिमेला आपण चौघांनी अंगणात पपनस सोललं आणि तिएननं त्याची साल डोक्यावर टोपीसारखी घातली.

पुढच्याच महिन्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याची बदली झाली, तिनंही मागून घेतली. रडली बिचारी. "आजी, मी येत जाईन," म्हणाली. तू तिला आहेराचं लाल पाकीट दिलंस, आणि ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मी रागानं म्हणालेच, "म्हाताऱ्याच्या मरणाला घाबरलीस, तरुणाच्या बदलीला का घाबरली नाहीस गं?" तू एरवी दुरुत्तर केलं असतंस. त्या दिवशी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंस. बाहेर तिएन पिशव्या घेऊन जिन्याखाली उभा होता, यी-चेनला हाका मारत. गाडी निघून गेली.

नव्या उमेदवारांचे फोन येतच होते. पण खुर्चीत बसायची ताकद तुझ्यात राहिली नव्हती.

एका शुक्रवारी मी पेज भरवत होते. चमचा बाजूला सारून तू म्हणालीस, "त्या ल्याओंना विचारायला जाऊ या. मी नाही म्हटलं होतं, मीच बोलावीन. सोमवारी सकाळी, जरा तरतरी आली की. स्कूटर तू चालव, मी तुला धरून बसेन."

"आणि ज्युन-हाओ?"

"त्याला मी बघते. मरणाऱ्या आत्याला नाही कसं म्हणतो तेच बघते."

रविवारी पहाटे तू गेलीस.

ज्युन-हाओनं तुझं सगळं रीतसर केलं, अगदी काटेकोर. मी त्याला ल्याओंचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या मला काही बोलली नव्हती, आजी." घराला कुलूप आहे. तिएन आश्रमात आहे, स्वच्छ जागा आहे, जेवण बरं असतं. कचरा तिथं मागच्या दारानं जातो, गाडी दिसत नाही. मी गेले की तो माझी पिशवी घेतो आणि उभा राहतो.

ल्याओंचं गोदाम मासळी बाजाराच्या मागे आहे, मला ठाऊक आहे. रोज त्याच वाटेनं जाते. आत जाऊन काय सांगू? खोली कुठे आहे आता? सोमवारी आपण दोघींनी जायचं होतं, ते राहिलं.