अकराव्या डावातला एक्का

छापखान्यात तिला सगळे 'चाळणी' म्हणत. बावीस वर्षं मुद्रितं तपासून तिची नजरच तशी झाली होती. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा ती दोनदा वाचायची. नवरा म्हणायचा, हिला देवाने पत्र पाठवलं तरी ही लाल पेन घेऊन बसेल.

म्हणूनच धाकट्या दिराने राजीनाम्याचा कागद तिच्याकडे दिला. लिफ्टदुरुस्तीची नोकरी सोडून तो सोमवारपासून पोकरच्या स्पर्धा खेळणार होता. भाषा तेवढी बघा, म्हणाला. कागदात एकही चूक नव्हती, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. वाण्याची यादीही हा पठ्ठ्या धड लिहायचा नाही. खोदून विचारल्यावर त्याने पोकरचं एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. शेवटच्या प्रकरणात राजीनाम्याचा नमुनाही छापला होता.

तिने पुस्तक ठेवून घेतलं. चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, कमी उरल्या की धीर धरा, उत्तम पानांची वाट पाहा, असा पान चाळीसचा सल्ला होता. पान बारावर मात्र दर पंधरा मिनिटांनी सक्तीची बोली वाढते, असं लिहिलं होतं. मग वाट पाहणारा बसल्या जागीच संपायचा की. दिराने हसण्यावारी नेलं. वहिनींना खेळ कुठे कळतो, म्हणाला.

ते खरंच होतं. पण पाककृतींची मुद्रितं आली की ती साहित्य आणि कृती बोट ठेवून जुळवायची. कृतीत मीठ, साहित्यात नाही, की खूण. इथेही तेच. रविवारी दुपारी पत्त्यांचा जोड घेऊन ती सतरंजीवर बसली आणि पुस्तकातला एकेक डाव मांडू लागली. दहा डाव जमले. अकराव्याला, लेखकाने म्हणे स्पर्धाच जिंकली त्या डावाला, ती अडली. तिने सतरंजीखाली पाहिलं, मग दिराला हाक मारली.

"भावजी, एवढा इस्पिकचा एक्का शोधून द्या. एक लेखकाच्या हातात आहे. दुसरा टेबलावर हवाय."

तो पानाकडे बघत राहिला. "छपाईची चूक असेल, वहिनी."

"ती एका जागी असते. इथे तीन पानं त्या एक्क्यावर उभी आहेत. हा डाव कोणी खेळलेलाच नाही."

खाली बसून त्याने बारावा डाव स्वतः मांडला. तेराव्यात त्याला पाचवी सत्ती लागली. राजीनामा त्याने मागून घेतला, पण फाडला नाही; पुस्तकात घालून पुस्तक कपाटावर टाकलं. बघू पुढच्या महिन्यात, म्हणाला.

सोमवारी सकाळी दारामागची त्याची हत्यारांची पिशवी गेलेली होती. तरी तिने स्टूल ओढून पुस्तक काढलं. विसाव्या डावापर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्या तिच्या नव्हत्या.

तिने पुस्तक परत ठेवलं. राजीनामा मात्र काढून घेतला.