माश्यांची आई

प्रयोगशाळेत सगळे तिला माश्यांची आई म्हणत. पिढ्यान् पिढ्या विषाचा वाराही न लागलेल्या माश्या ती वाढवत असे. नवं कीटकनाशक आधी त्यांच्यावर वापरून बघत. नसेच्या टोकाला निरोप झेलणारी जागा असते, औषध तिथे चिकटून बसतं, निरोप थांबतच नाही आणि माशी तडफडून मरते, हे तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी तिला समजावलं होतं. तिचं काम साधं. कोंडा आणि दूधपावडर कालवायची, जाळीचे पिंजरे धुवायचे आणि घरून विषाचा कणही अंगावर आणायचा नाही. आणला, तर सगळी पैदास बाद.

आणि नवरा कोण मिळावा? घरोघर औषध फवारणारा! दैवाने थट्टा करावी ती तरी किती. तो बिचारा दाराबाहेरच कपडे बदली, अंग घासून धुई आणि वेगळ्या खाटेवर झोपे.

"तुझ्या माश्यांनी माझा संसार खाल्ला बघ," तो हसून म्हणे.

"गप बसा. नोकरी घालवायचीय का माझी?"

पुढे त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टर ठाम काही बोलेनात. तिने बाईंना विचारलं, तर त्यांनी नजर चुकवली. "जुन्या औषधांना माणसाची नस आणि माशीची नस यातला फरक फारसा कळत नाही गं," त्या म्हणाल्या. त्यानंतर पिंजऱ्यातली तडफड तिला बघवेना.

त्याने फवारणी सोडली. एकदा चहाचा कप दोन्ही हातांनी सावरत म्हणाला, "आता मी स्वच्छ आहे की. ये ना इकडे."

"बाहेरच्या कपाटात तुमचे ते फवारणीचे जुने कपडे आहेत अजून. ते टाकले की बघू."

कपडे टाकायचं आज-उद्या करत राहून गेलं. खाटही वेगळीच राहिली. कारण संपलं होतं, हे त्या वेडीच्या ध्यानातच आलं नाही.

एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर त्याचे हात अगदी स्थिर होते. चहा निवला तरी तो उठला नाही.

सगळं उरकल्यावर ती कामावर आली आणि माश्यांच्या खोलीच्या दाराशीच थांबली.

"अगं, आत जा ना. पिंजरे खोळंबलेत," बाई म्हणाल्या.

"मला आत नाही जाता यायचं, बाई," ती म्हणाली. "काल ह्यांचा फवारणीचा सदरा पोटाशी धरून झोपले मी."