वहिनीच्या जनरेटरची बॅटरी

बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. अकोल्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी एक समजूतही आहे. म्हणून शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला, "भाऊजी, जनरेटर पुन्हा रुसला, येता काय?" तेव्हा मी चहा अर्धा सोडला, मल्टीमीटर पिशवीत टाकला आणि अकोटची एसटी पकडली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता.

आमचं शेत अकोटच्या अलीकडे. कपाशी आणि तूर दादा पाहतो. वहिनीने दोन वर्षांपूर्वी हट्टाने थोड्या जागेत जरबेरा लावला आणि तोडलेली फुलं टिकावीत म्हणून एक थंड खोली बांधून घेतली. दादाला हे प्रकरण पहिल्यापासून पटलं नव्हतं. त्यातच गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळलेली, तीन दिवस लाइन नाही, आणि खोलीत अमरावतीच्या एका लग्नाची फुलं. वहिनीची पहिली मोठी ऑर्डर, रविवारी पहाटे निघायची होती.

जनरेटर एकदा सुरू झाला की झकास चालायचा. पण त्याची बॅटरी काही भरायची नाही. दर वेळी ट्रॅक्टर जवळ आणायचा, त्याच्या बॅटरीला वायरी जोडायच्या आणि मग स्टार्टर मारायचा. दिवाळीपासून हेच चाललं होतं. दादाने निदान केव्हाच करून ठेवलं होतं: वहिनी चावी चालू ठेवून विसरते, म्हणून बॅटरी उतरते. नवी बॅटरी आणली, तीही उतरली, तरी निदान तेच.

"मी चावी बंद केल्याबिगर तिथून हलत नाही," वहिनी म्हणाली.

"मंग बॅटरी काय उंदीर खातात?" दादा म्हणाला. "लोकाइची कामं सोडून ट्रॅक्टर तुया फुलाच्या दारात किती दिवस उभा ठेवू? आज नाही जमलं तं खोली बंद. कुटार भरू तिथं."

कुटार म्हणजे गुरांचं भूस. वहिनीचा चेहरा उतरला आणि मी बाह्या सरसावल्या.

चालू जनरेटरवर बॅटरीचा व्होल्टेज चौदाच्या आसपास हवा. माझा मीटर बारा पॉइंट एक दाखवत होता आणि थोड्या वेळाने बारा. भरायची सोडून ती चालत्या जनरेटरवरच रिकामी होत होती! मी गरम पाणी आणि सोड्याने टर्मिनलं घासली, चकचकीत केली. पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. मग मी कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "डायनामो गेला." बॅटरी भरणाऱ्या छोट्या अल्टरनेटरला आमच्याकडे डायनामोच म्हणतात. जनरेटर बंद केला, डायनामो खोलला आणि पोत्यात घातला. खोलीचं दार कुणी उघडायचं नाही, अशी वहिनीने तंबी दिली आणि स्कूटीला किक मारली. मागे पोतं मांडीवर घेऊन मी.

अकोटला एक म्हातारे चाचा गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी डायनामो मोटरवर चढवला, वायरीत मध्ये एक बल्ब जोडला आणि बटण दाबलं. बल्ब पेटला, डायनामो गरगरला, बल्ब विझला. मीटरवर चौदा पॉइंट दोन.

"मास्टर, एकदम टकाटक आहे. कायले खोलून आनला?"

माझा पाराच चढला. "मग हा बल्ब कशाला मध्ये?"

"याच्याबिगर डायनामो जागाच होत नाही ना. पयले बल्बातून थोडा करंट त्याले द्या लागते, मंग थो देते."

"म्हंजे इरजनच की, चाचा," वहिनी म्हणाली. "चमचाभर टाकल्याबिगर गंजभर दही होत नाही."

विरजण! हेच तर मी दरवर्षी फळ्यावर तीन आकृत्या काढून शिकवतो. आणि त्याच क्षणी मला जनरेटरच्या पॅनेलवरचा लाल दिवा आठवला. दिवाळीच्या सुट्टीत तो उडाला होता. मी तिथे एलईडी बसवला होता, वर भाषणही दिलं होतं, की हा करंट फार कमी खातो. कमी खातो! म्हणूनच तर डायनामोला जागं करण्याइतका करंट त्यातून पोचतच नव्हता.

"सापडलं!" मी एवढ्यानं ओरडलो की चाचांच्या हातचा पाना पडला. काय सापडलं, ते मात्र मी बोललो नाही. तारेचे जुने दोन बल्ब तेवढे मागून घेतले. वहिनीनेही काही विचारलं नाही. परतताना सबंध रस्ताभर माझ्या मनात एकच, गुपचूप बल्ब बदलला तर कोणाला कळणार आहे?

शेतात पोचताच डायनामो चढवला, बल्ब बसवला, ट्रॅक्टरच्या वायरी जोडल्या. चावी फिरवली तसा लाल दिवा पेटला, इंजिनाने जोर धरला आणि दिवा विझला. मीटर सरसर वर चढला. तेरा, साडेतेरा, चौदा पॉइंट एक! मी चक्क उडी मारली. दादाने पाठीवर थाप दिली, "याले म्हंतात शिकलेला मानूस!" मग वहिनीकडे वळून म्हणाला, "आता तरी चावी ध्यानात ठेवत जाय."

वहिनी खोलीच्या दाराला हात लावून उभी होती.

ती शाबासकी मला आणखी दोन मिनिटं तरी हवी होती, खोटं कशाला बोलू. पण ती पचेना. "दादा, चावीचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "दिवाळीत मी चुकीचा बल्ब लावला. दोन्ही बॅटऱ्या माझ्यामुळे उतरल्या."

दादाने ट्रॅक्टरच्या वायरी काढल्या आणि गुंडाळल्या. "पाहाटे गाडीत फुलं मी भरतो," तो वहिनीला म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

तासाभराने वहिनीने सरळ जनरेटर बंद केला. मी ओरडलो, "अवो, नका!" ट्रॅक्टर तर गेला होता. तिने ऐकलं नाही. थोडं थांबली, चावी फिरवली, आणि एका झटक्यात इंजिन धडधडलं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

"वहिनी, राग नाही आला?"

"आला ना. अकोटातच आला होता. तुमी 'सापडलं' म्हणून ओरडले अन् मंग चूपच झाले, तवाच समजलं. थो बल्ब तुमी लावला तवा उजेडाले टार्च कोनं धरली होती?"

"मग तिथंच काऊन नाही बोलल्या?"

"पाहून राहिली होती, सांगता का नाही थे."

"अन् नसतं सांगतलं तर?"

"बल्ब तं मले बी बदलता येते आता," वहिनी म्हणाली. "तुमाले पुन्हा बोलावलं नसतं."